पाव स्वर चढा

वायदोतासचा फोन आला तेव्हा बाहेर उणे अकरा.
"व्हायरस-बियरस मला कळत नाही," म्हणाला,
"पण कॉम्प्युटरचा पंखा रात्री दोननंतर
पाव स्वर चढा लागतो.
दिवसा बरोबर असतो."

एकतीस वर्षं पियानो जुळवणारा माणूस.
त्याच्या कानावर शंका घ्यायची
अख्ख्या कौनासमध्ये कुणाची छाती नाही.
पिशवी उचलून मी टेकडी चढले.

त्यानं आधी बिटाचं सूप पुढे ठेवलं,
मग जरा खालच्या पट्टीत कबूल केलं:
नोव्हेंबरात एक फुकटचा ट्यूनर उतरवून घेतला होता.
छान चालतो. चारशे चाळीस म्हणजे चारशे चाळीस.

मेख तिथंच होती. तो छान चालत होता.
दार फोडणाऱ्याला निदान दाराची भीड असते;
हा कामाला लागून आला,
सांगितलेलं काम चोख करत राहिला,
आणि पहिल्या दिवशी "आत येऊ का?" असं विचारलं तेव्हा
वायदोतासनंच, चष्मा न लावता,
हो म्हटलं होतं.

मी यादी उघडली.
सगळी नावं ओळखीची, एकाच खात्यात
उभा जन्म घासलेल्या कारकुनांसारखी.
त्यांतलं एक जरा जास्तच ओळखीचं.
नीट पाहिलं, तर एलच्या जागी एकचा आकडा.
काना-मात्रेएवढा फरक,
एवढ्यावर बिऱ्हाड थाटलं होतं.

काढलं. यंत्र बंद करून चालू केलं.
परत तिथंच. आयत्या बिळावर नागोबा,
वर कात टाकून ताजातवाना.
एक पिल्लू जुन्या प्रिंटरच्या फोल्डरात,
एक घड्याळाच्या आडोशाला,
आणि पहारेकऱ्याला तर त्यानं कधीच निजवलेलं:
कोपऱ्यातलं हिरवं चिन्ह हिरवंच,
बाजारातल्या माशाच्या उघड्या डोळ्यासारखं.

रात्री दोनला तो उठायचा
आणि वायदोतासच्या सहीनं पत्रं टाकायचा:
संगीतशाळेला, चर्चच्या ऑर्गनवाल्याला,
पैसे बुडवलेल्या तीन बारमालकांना,
वहीतून नाव खोडायचं राहून गेलेल्या
दोन मेलेल्या माणसांनाही.

"म्हणजे लाकडी घोडा," मी म्हटलं.
तो कोपऱ्यातल्या पियानोकडे बघत होता.
"पोकळ लाकडात वाईटच लपतं असं नाही.
एकोणपन्नास साली आईनं याच्या पोटात
शेजाऱ्यांच्या नावांचा कागद ठेवला होता.
शिपायांनी घर उलटंपालटं केलं.
एक जण तर बसून वाजवून गेला.
मधला एक स्वर दबका लागला असणार.
त्याला कळलं नाही."
थांबला.
"मला कळलं असतं."

त्यावर मी काय बोलणार?
सूप निवलं होतं, ते संपवलं.

शेवटी सगळं पुसावं लागलं.
कुठला पियानो दमट भिंतीला लागून आहे,
कुणाची कितवी तार कुठल्या हिवाळ्यात तुटली,
एकतीस वर्षांतलं निम्मं गेलं.
उरलेलं त्याच्या बोटांत असेल म्हणा.

पहाटे टपाल उघडलं तर एकच उत्तर.
पानेवेझिसहून, ल्युद्विकाचं.
चौदा वर्षं त्यांचं बोलणं नव्हतं;
का नव्हतं, ते मी विचारलं नाही.
"जोडलंयस ते उघडलं नाही, मला ते जमत नाही.
पण आठवण काढलीस.
पियानो आहे अजून. खालचे दोन स्वर बसलेत."

त्यानं चष्मा लावून परत वाचलं.
"हिला आता काय सांगू?
ते पत्र मी लिहिलंच नाही म्हणून?"

मी पंख्याला कान लावून बसले होते.
मला काहीच कळत नव्हतं, चढा की बरोबर.
"बरोबर आहे," तो मागून म्हणाला,
आणि पानेवेझिसची पहिली बस कितीला असते
ते विचारू लागला.